बोकड सोलायला घडीचा चाकू घ्यायचाय? पातं, पोलाद, लॉक आणि कायदा : स्वस्तात योग्य चाकू कसा निवडावा

वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातलं शेलूबाजार हे नावातच बाजार असलेलं गाव. नागपूर ते छत्रपती संभाजीनगर या जुन्या महामार्गावरची वर्दळ या गावाने अनेक वर्षं पाहिली. आता समृद्धी महामार्गाचा इंटरचेंजही इथेच आहे. अशा गावाच्या बाजारात विळे, खुरपी, कुऱ्हाडी आणि सुऱ्या एकाच ताडपत्रीवर मांडलेल्या दिसतात. त्यांच्या शेजारी हल्ली आणखी एक वस्तू असते, चकचकीत घडीचा चाकू. खिशात मावणारा, बोटाने उघडणारा आणि मोबाइलवर 'हंटिंग नाइफ' म्हणून जाहिरात होणारा.

कंदुरी, नवस, जत्रा किंवा मटणाचं छोटं दुकान. बोकड सोलायचं काम गावात कुठे ना कुठे निघतंच. त्यासाठी हा घडीचा चाकू चालेल का? स्वस्तातला घेतला तर टिकेल का? आणि तो खिशात घेऊन फिरलं तर पोलीस अडवतील का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं समजून घेऊ.

आधी एक गोष्ट स्पष्ट : शिकारीसाठी नाही

परदेशी कंपन्या असे चाकू शिकार सोलण्यासाठी म्हणून विकतात. अमेरिकेत किंवा न्यूझीलंडमध्ये परवाना काढून हरणाची शिकार करता येते. भारतात तसं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांची शिकार बेकायदा आहे. ससा, तितर, मोर, काळवीट, चितळ, रोही म्हणजेच नीलगाय आणि रानडुक्कर, हे सगळे या कायद्याच्या कक्षेत येतात. काळविटांसाठी तर वाशीम जिल्ह्यातच कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे.

या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. इतर बहुतेक गुन्ह्यांत ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

'पण रानडुक्कर तर पीक खातं, मग त्याला मारायची परवानगी आहे ना?' हा प्रश्न सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्यात हमखास विचारला जातो. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुक्कर आणि रोह्यांबाबत महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये आदेश काढला होता. पण ती सरसकट सूट नव्हती. त्यासाठी आधी वन अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो आणि लेखी परवानगी घ्यावी लागते. त्यातली महत्त्वाची बाब अनेकांना माहीत नसते : कायद्याच्या कलम ३९ नुसार असा मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. म्हणजे परवानगी असली तरी ते जनावर सोलून घरी नेता येत नाही. कुंपणाला अडकून किंवा गाडीखाली येऊन मेलेल्या प्राण्यालाही हेच लागू होतं. अशा वेळी चाकू काढायचा नाही, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवायचं.

त्यामुळे इथून पुढे जे काही आहे ते पाळीव जनावरांसाठी, म्हणजे बोकड, शेळी, मेंढी आणि कोंबडीसाठी.

सोलताना चाकू नेमकं काय काम करतो?

चाकू निवडायचा तर आधी काम कळायला हवं. जुना खाटीक बोकड सोलताना पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. तो चाकू फार कमी वापरतो. बोकड मागच्या पायांनी टांगला जातो. पायांच्या आतल्या बाजूने आणि पोटाच्या मधोमध कातड्याला चीर दिली जाते. त्यानंतर कातडं आणि मांस यांच्यामध्ये मूठ घालून, दाबत आणि ओढत कातडं सोडवलं जातं. जिथे ते चिकटलेलं असतं, म्हणजे गुडघे, शेपटीचं मूळ, मान, तिथेच पातं लागतं.

या कामातून चाकूबद्दल तीन गोष्टी कळतात.

पहिली, पातं लांब नको. साडेतीन-चार इंचांचं पातं पुरतं. लांब पात्याचं टोक कुठे जातंय हे दिसत नाही आणि आतडं फुटण्याची भीती असते. आतडं फुटलं की त्यातली घाण मांसाला लागते.

दुसरी, पात्याला थोडं 'पोट' हवं. म्हणजे टोकाकडची धार गोलाईत वर गेलेली असावी. या गोलाईने कातडं हलकेच सुटतं. अगदी सुईसारखं टोक असलेला चाकू कातड्याला भोकं पाडतो.

तिसरी, धार साधी हवी. करवतीसारख्या दात्यांची धार दोर कापायला बरी असली तरी कातडं ती फाडते. शिवाय ती घरच्या दगडावर लावता येत नाही.

कातड्याला भोक पडलं तर काय बिघडलं, असं वाटू शकतं. पण बोकडाचं कातडं हा विकला जाणारा माल आहे. चामड्याच्या धंद्यात सोलताना पडलेल्या चिरा हा मोठा दोष मानला जातो आणि अशा कातड्याचा भाव पडतो. चीर वरून दिसली नाही तरी कमावल्यानंतर ती उघडी पडते. म्हणजे चुकीच्या चाकूची किंमत दुकानात दिलेल्या पैशांपेक्षा जास्त असू शकते.

घडीचा की सरळ?

याचं प्रामाणिक उत्तर असं : रोजचं काम असेल तर सरळ सुरी. कधीमधीचं काम असेल आणि तोच चाकू शेतातही वापरायचा असेल तर घडीचा चालेल.

याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे स्वच्छता. घडीच्या चाकूच्या मुठीत पातं बसायला खाच असते. सोलताना रक्त, चरबी आणि केस त्या खाचेत आणि सांध्यात जातात. ते नीट निघाले नाहीत तर कुजतात, वास येतो आणि पुढच्या वेळी तीच घाण मांसाला लागते. सरळ सुरीला अशी खाच नसते. मटणाचं दुकान चालवणाऱ्याला अन्नसुरक्षा कायद्याखाली परवाना किंवा नोंदणी लागते आणि त्यात हत्यारं सहज धुता येतील अशी असावीत, अशी अपेक्षा असते. दुकानासाठी घडीचा चाकू इथेच बाद होतो.

दुसरं कारण सुरक्षेचं. काम करताना घडीचा चाकू बोटांवर मिटू शकतो. हात रक्ताने आणि चरबीने निसरडे झालेले असताना हा धोका वाढतो.

मग घडीच्या चाकूचा फायदा काय? तो खिशात सुरक्षित राहतो. वेगळं म्यान लागत नाही. ठिबकची नळी कापणं, सुतळी तोडणं, पोत्याचं तोंड उघडणं अशी शेतातली दहा कामं त्याने होतात. वर्षातून दोनदा बोकड सोलणाऱ्या माणसाला हे सोयीचं पडतं.

लॉक : इथे पैसे वाचवू नका

घडीच्या चाकूत सगळ्यात महत्त्वाचा भाग पातं नसून लॉक आहे. बाजारात साधारण चार प्रकार दिसतात.

• बिनलॉकचा : पात्यामागे फक्त स्प्रिंगचा दाब असतो. पेन्सिल किंवा फळं कापायला ठीक. सोलायला अजिबात नको.

• लाइनर लॉक : मुठीच्या आतली धातूची पट्टी सरकून पात्यामागे बसते. स्वस्त चाकूंत हाच जास्त असतो. पट्टी पातळ असेल तर जोर आला की सरकते. ती जाड आहे आणि पात्यामागे पूर्ण बसते, हे पाहून घ्यावं.

• बॅक लॉक : मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी असते. मजबूत, पण खाच खोल असल्याने धुवायला कठीण. अमेरिकेतल्या बक कंपनीचा १९६४ मध्ये आलेला '११०' हा याच प्रकारचा. तिथल्या शिकाऱ्यांनी तो इतका उचलून धरला की त्याच्या नकला जगभर निघाल्या.

• कड्याचा लॉक : मुठीच्या तोंडाशी धातूचं गोल कडं असतं. ते फिरवलं की पातं अडकतं. फ्रान्समधल्या ओपिनेल कंपनीचे चाकू १८९० पासून बनतात, त्यांना हे कडं १९५५ मध्ये आलं. रचना साधी आणि पातं पातळ, त्यामुळे कापायला छान. मूठ मात्र लाकडी असते, पाण्यात ठेवली तर फुगते आणि पातं उघडेनासं होतं.

बटण दाबताच झटक्यात उघडणारा, आपल्याकडे 'रामपुरी' म्हणून ओळखला जाणारा चाकू या कामासाठी टाळलेलाच बरा. सोलायला त्याचा काही खास उपयोग नाही आणि पोलिसांच्या नजरेत तो अवजार कमी, हत्यार जास्त असतो.

पोलाद कसं ओळखायचं?

स्वस्त चाकवांवर अनेकदा फक्त 'स्टेनलेस स्टील' एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून काही कळत नाही. पोलादाची कठीणता 'रॉकवेल' या मापात मोजतात. चाकूसाठी साधारण ५४ ते ६० हा आकडा कामाचा. त्याहून मऊ असेल तर एका बोकडातच धार बसते. फार कठीण असेल तर हाडावर आपटून धारेचा तुकडा उडू शकतो आणि घरच्या दगडावर ती लावताना घाम निघतो.

• ४२० प्रकारचं स्टेनलेस : गंजत नाही, स्वस्त, धार पटकन लागते आणि पटकन जातेही. कधीमधीच्या कामाला पुरेसं.

• ४४० सी किंवा ८ सीआर १३ एमओव्ही : मधला पर्याय. धार जास्त टिकते, गंजही कमी. मध्यम किमतीच्या घडीच्या चाकूंत ही नावं दिसतात.

• डी २ : धार बराच वेळ टिकते, पण लावायला कठीण आणि ओलं ठेवलं तर डाग पडतात.

• कार्बन पोलाद : गावचा लोहार ट्रकच्या कमानपट्ट्यातून सुरी घडवतो, तेव्हा ती याच जातीची असते. धार उत्तम लागते. पण पुसून, तेल लावून ठेवली नाही तर रात्रीत गंज चढतो.

शेवटचा पर्याय अनेकदा विसरला जातो. कमानपट्टा हे मुळातच चांगलं पोलाद असतं. लोहाराने त्याला पाणी नीट दिलं असेल, तर त्याची सरळ सुरी ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त 'हंटिंग नाइफ'पेक्षा जास्त चालते. धार गेली, मूठ सुटली तर दुरुस्तीही जवळच होते.

घेताना करायच्या सहा तपासण्या

१. चाकू उघडा, पातं चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. सांधा खडखडत असेल तर परत ठेवा.

२. लॉक लावा. बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर दोन-तीनदा हलकेच थोपटा. लॉक सुटला तर तो चाकू घेऊ नका.

३. ओल्या हाताने मूठ धरून पाहा. गुळगुळीत स्टीलची मूठ दिसायला छान, पण चरबी लागली की निसटते. खडबडीत प्लास्टिक किंवा रबराची मूठ बरी. बोट पुढे सरकू नये म्हणून मुठीला पुढे उंचवटा हवा.

४. मुठीच्या आरपार पाहा. मागची बाजू उघडी असेल तर पाणी आणि ब्रश आत जातो. स्क्रूने जोडलेला चाकू खोलून धुता येतो, रिव्हेट ठोकलेला येत नाही.

५. पातं डोळ्यासमोर धरून धार सरळ आहे का पाहा. वर्तमानपत्राचा कागद धरून कापून बघा. सरळ कापला तर ठीक, फाटला तर धार नाही.

६. नक्षी, होकायंत्र, टॉर्च, काच फोडायचं टोक असं जितकं जास्त, तितका पोलादावर खर्च कमी झालेला असण्याची शक्यता. त्याच किमतीत साधा चाकू घ्या.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र नियम २०१६ मध्ये धारदार शस्त्रांची व्याख्या आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं असलेले चाकू, तलवारी, खंजीर वगैरे त्यात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली अवजारं यातून वगळली आहेत. चार इंचांचा साधा घडीचा चाकू या मापात बसत नाही. म्हणजे तो विकत घ्यायला परवाना लागत नाही.

पण इथेच अनेकांची गफलत होते. घेणं आणि घेऊन फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्यात काठ्या, सुऱ्या आणि इतर हत्यारं सार्वजनिक ठिकाणी बाळगायला बंदी असते. आदेश मोडला तर कलम १३५ खाली कारवाई होते. अशा वेळी 'बोकड सोलायला चाललो होतो' हे पटवून देणं सोपं नसतं. त्यामुळे चाकू कामाच्या सामानासोबत, पिशवीत मिटवून न्यावा. गर्दीत, जत्रेत, मोर्चात खिशात ठेवू नये. विमानात तो हातातल्या बॅगेत नेता येत नाही.

बोकड कुठे कापायचा यालाही नियम आहेत. प्राण्यांच्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या कत्तलखाना नियम २००१ नुसार नगरपालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. गाभण मादी किंवा तीन महिन्यांपेक्षा कमी वयाचं पिल्लू कापायलाही मनाई आहे. महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या हत्येवरही २०१५ पासून बंदी आहे.

कोणतं जनावर कधीच सोलू नये?

चाकू कितीही चांगला असला तरी एका ठिकाणी तो उघडायचाच नाही. बोकड किंवा शेळी आदल्या दिवशी चरत होती आणि सकाळी अचानक मेलेली सापडली, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय, पोट झपाट्याने फुगलंय, तर ती काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. या रोगाचे जिवाणू हवेत आले की बीजाणू तयार करतात आणि ते मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. असं जनावर सोलणाऱ्याच्या हातावरच्या बारीकशा जखमेतूनही रोग शिरतो. 'मेलंच आहे तर निदान कातडं तरी काढू', हा विचार जिवावर बेतू शकतो. जनावराला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावं.

गोचीड भरपूर असलेलं जनावर सोलतानाही काळजी हवी. गोचिडांतून आणि बाधित जनावराच्या रक्तातून पसरणारा काँगो ताप भारतात पहिल्यांदा २०११ मध्ये गुजरातमध्ये निष्पन्न झाला होता. सोलताना हातमोजे घालणं आणि हाताला जखम असेल तर काम दुसऱ्याकडे देणं, एवढी खबरदारी सहज घेता येते. काम करताना चाकू लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावा.

काम झाल्यावर चाकू कसा धुवायचा?

सवयीने अनेकजण चाकू थेट गरम पाण्यात टाकतात. त्याने उलटं होतं. गरम पाण्याने रक्त गोठून सांध्यात घट्ट बसतं. आधी थंड पाण्याने रक्त काढावं, मग गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने चरबी. खाचेत जुना टूथब्रश फिरवावा. चाकू उघडाच ठेवून पूर्ण सुकवावा. सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा. मांसाला लागणारा चाकू असल्याने ते तेल गाडीच्या इंजिनचं नको. खाण्याचं तेल चालतं, पण ते काही दिवसांनी चिकट होतं, म्हणून पुन्हा वापरण्याआधी धुवून घ्यावं.

धारेसाठी दोन बाजूंचा, एक खरखरीत आणि एक बारीक असा दगड पुरतो. दोन्हीकडून साधारण २० अंशांचा कोन राखत पातं फिरवायचं. सोलताना चीर कातड्याच्या आतून बाहेर द्यायची सवय लावली तर धार जास्त टिकते. बाहेरून कापलं की केसांतली माती धार खाते आणि तेच केस मांसावरही पडतात.

मग घ्यायचा कोणता?

आठवड्यातून एकदा तरी सोलायचं काम असेल तर चार-पाच इंचांची सरळ सुरी, लोहाराकडची किंवा प्लास्टिक मुठीची स्टेनलेस. वर्षातून दोन-चार वेळा काम आणि बाकी वेळ शेतातला वापर असेल तर साडेतीन इंचांच्या आसपास पात्याचा, जाड लाइनर लॉकचा, मागून उघड्या मुठीचा साधा घडीचा चाकू. बजेट कमी असेल तर घडीचा स्वस्त चाकू घेण्यापेक्षा त्याच पैशांत चांगली सरळ सुरी आणि धारेचा दगड घ्यावा. कारण स्वस्त सुरीची फार तर धार जाते. स्वस्त घडीच्या चाकूचा लॉक गेला तर बोट जातं.